नवव्या सांजेची पानं

आमच्या वस्तीत त्या संताला कोणी नावानं घेत नसे. नाव परदेशी आणि लांबलचक, म्हाताऱ्यांच्या तोंडात बसत नव्हतं. तसबिरीत तो नावेच्या कडेला उभा आहे, पाय उघडे, एक हात छातीवर आणि मागं पाणीच पाणी. म्हणून सगळे त्याला नाववाले बाबा म्हणत. आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिला नव्हता. माझा बाप होता तोवर सांगायचा की लोणारचं तळं घ्यायचं, त्याचा पलीकडचा काठ काढून टाकायचा, की झाला समुद्र. मी चवथीपर्यंत शिकलो. वाचतो ते बोट ठेवून आणि लिहितो ते तोंडानं म्हणत म्हणत. ही वही नातीनं आणून दिली. मार्था गेली तेव्हापासून मी घरात कोणाशी धड बोलत नाही, तर ती म्हणाली, आबा, आजीबद्दल लिहून काढा. मी तिच्या आजीबद्दलच लिहितो आहे. पण सुरुवात दान्यापासून करावी लागते, कारण त्या दिवसांत माझं सगळं लक्ष त्याच्याकडंच होतं.

दान्या म्हणजे दानियल. त्याचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. त्याची आई विधवा, माझी आई विधवा, दोघी एकाच शेतात निंदायला जायच्या आणि एकमेकींच्या चुलीतला विस्तव न्यायच्या. आम्ही दोघं एकाच पावसाळ्यात जन्मलेलो. फरक एवढाच की त्याला फादरनी बोर्डिंगात घातलं, तो दहावी होऊन आला, आणि मी पाटलाच्या बैलांमागं वखर धरून उभा होतो. तो गोरा नव्हता, उंच नव्हता. पण त्याच्या आवाजात काही तरी होतं. विहिरीत बादली सोडली की खालून जसा आवाज येतो, तसा. तो साधं "चहा झाला काय" म्हणाला तरी बायका वळून पाहायच्या. मी दिवसभर बैलांवर ओरडून आवाज फाडून घेतलेला. माझं कोण ऐकणार.

कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली, सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली की नऊ सांजा यायच्या. नाववाल्या बाबाच्या सणाआधीचे नऊ दिवस. रोज दिवेलागणीला तसबीर एका घरी बसायची, त्या घरी सगळी वस्ती जमायची, गाणी व्हायची, मग बाबाच्या चरित्राच्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचलं जायचं. नऊ सांजा, नऊ घरं, नऊ प्रकरणं. तपकिरी पुठ्ठ्याचं ते पुस्तक आमच्या आज्याच्या काळापासून वस्तीत होतं. पहिल्या सांजेला बाबा आईला सोडून निघतो. मग जहाज, वादळ, अनोळखी गावं, गल्लीगल्लीत घंटी वाजवत पोरांना गोळा करणं, ज्यांच्याजवळ कोणी बसत नाही अशा रोग्यांच्या उशाशी बसणं. नवव्या सांजेला तो एका बेटावर मरतो. वाचन झालं की ज्याच्या घरी उद्याची सांज, तो तसबीर आणि पुस्तक दोन्ही उचलून आपल्या घरी न्यायचा. दिवसभर ती त्याच्याच कोनाड्यात राहायची. नवव्या सांजेचा नियम वेगळा होता. शेवटचं प्रकरण पूर्ण ऐकल्याशिवाय कोणी अन्नाला हात लावायचा नाही आणि तसबीर देवळात परत जायची नाही. बाबाला बेटावर अर्धा सोडून जेवायला बसायचं नाही, असं म्हातारे म्हणत.

वाचायचे आमचे मास्तर. ते प्रार्थना चालवायचे, फादर महिन्यातून एकदा यायचे तोवर वस्ती मास्तरांच्याच ताब्यात. पण मास्तरांचे डोळे गेले आणि वाचन दान्याकडं आलं. तीन वर्षं तो वाचत होता. वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडू नये म्हणून त्याला आधी चहा मिळायचा, आणि तो दुधाचा. बाकीच्यांना काळा, गुळाचा. त्याला स्टीलच्या गिलासात, आम्हाला चेपलेल्या पितळी पेल्यात. हे मी आता हसत लिहितो आहे असं कोणाला वाटेल, पण तो गिलास दिसला की मी माझा पेला न पिताच खाली ठेवायचो. आणि तो गिलास त्याच्या हातात कोण द्यायचं, तर कधी कधी माझीच आई.

"घे दान्या, सावकाश पे बापा," ती म्हणायची. मग माझ्याकडं वळून, "पाह्य, कसा बसला पोट्टा. नाही तं तू, दरवाज्यात उभा राह्यते ढोरासारखा."

मी दरवाज्यातच उभा राहायचो हे खरं आहे. आत बायका-पोरं, म्हातारे, आणि माझ्या अंगाला गोठ्याचा वास. दरवाज्यातून मला सगळं दिसायचं. दान्या पाटावर, मांडीवर पुस्तक, आणि त्याच्या शेजारी कंदील धरून मार्था.

मार्था लाजरसकाकाची पोरगी. लाजरसकाका ढोलकी वाजवायचे आणि प्रत्येक गोष्टीवर शेरा मारायचे. वस्तीत चांगला कंदील त्यांच्याकडंच होता, म्हणून वाचताना उजेड धरायचं काम त्यांच्या घरचं. मार्था रोज दुपारी राखेनं आणि कागदानं काच पुसायची, अशी की काच आहे की नाही कळू नये. मग सांजेला पाऊण तास हात न टेकवता धरून उभी. हिरवं लुगडं, हातात दोन-दोन बांगड्या, कपाळावर घामाचा एक थेंब. दान्याच्या कानापासून तिचं कोपर वीतभर अंतरावर. पाऊण तास, वीतभर. मी ते अंतर डोळ्यांनी मोजत राहायचो. बाबा वादळात सापडलेला असायचा, लोक श्वास रोखून बसायचे, आणि मी तिथं उभा राहून म्हणायचो, आता तिनं जरा हात बदलावा, आता जरा मागं सरावं.

आणि तिचा कंदील हलायचा. दर सांजेला एकदा तरी उजेड पुस्तकावरून सरकून दरवाज्याकडं यायचा, माझ्या डोळ्यांवर. दान्या वाचता वाचता न थांबता बोटानं खूण करायचा. लाजरसकाका ढोलकीवर टिचकी मारत म्हणायचे, "मार्थे, बाबाले अंधारात कायले ठेवतं वं?" लोक हसायचे, ती लाल व्हायची, कंदील सरळ करायची. मी म्हणायचो, त्याच्याजवळ उभं राहून हिचा हात थरथरतो. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

नवल हे की बाबाचं ते चरित्र मला दान्यापेक्षा जास्त आवडायचं. धड वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून नऊच्या नऊ प्रकरणं माझ्या डोक्यात बसली होती. वखरामागं चालताना मी ती बैलांना सांगायचो. नववं तर रोज. बाबाला ज्या मुलखात जायचं असतं तो मुलूख बेटावरून समोर दिसतो. मधे पाण्याचा पट्टा. नावाडी येतो म्हणाला होता, येत नाही. बाबाला ताप भरतो. झावळ्यांचं खोपटं, वारा, आणि जवळ एकच माणूस, त्याची चाकरी करणारा. बाबा त्या पलीकडच्या किनाऱ्याकडं पाहत पाहत मरतो. मी सतरा-अठरा वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की हे माझंच लिहिलेलं आहे. समोर दिसतं आणि जाता येत नाही. मग एकदम आठवायचं की हे सुद्धा नवव्या सांजेला दान्याच वाचणार, आणि मी बैलाला उगाच चाबूक मारायचो. त्या मुक्या जनावराची मी पुढं कितीदा तरी माफी मागितली आहे.

त्या वर्षी नववी सांज आमच्या घरी आली. बाप गेल्यानंतर पहिल्यांदाच. आईनं महिनाभर आधीपासून गव्हाचं पीठ बाजूला ठेवलं होतं. भिंतींना चुना दिला, अंगण दोनदा सारवलं, दुसरबीडला असलेल्या मावशीकडून मोठी परात आणली. नवव्या सांजेला रोडगे करायची रीत होती. गव्हाच्या कणकेचे जाड, थरांचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, मधे फोडून तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी आणि पातळ वरण. अख्ख्या वस्तीला विधवेच्या घरी रोडगे. आईसाठी ते काय होतं हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. नवरा मेलेल्या बाईच्या घरी नीट सांज होते की नाही, हे पाहायला अर्धी वस्ती येणार होती.

आदल्या सांजेला मी स्वतः तसबीर खांद्यावर आणली आणि कोनाड्यात ठेवली. पुस्तक तिच्या पायाशी. दुसऱ्या दिवशी मी कामाला गेलो नाही. सकाळी मार्था आली, आईला वांगी चिरू लागायला. मी घराला लागून असलेल्या आमच्या गोठ्यात गवत टाकत होतो. कुडाच्या फटीतून दोघींचं बोलणं येत होतं.

"काकू, दान्याभाऊ वाचते न, तं मले वाटते आपुनच नावेत बसून राह्यलो."

"त्याचं तोंडच गोड हाय बाई. ज्याच्या घरी पडीन ते पोरगी नशीबवान."

मार्था हसली. बस, एवढंच. ती दान्याभाऊ म्हणाली होती. भाऊ. पन्नास वर्षांनी ही ओळ लिहिताना मला तो शब्द दिसतो. त्या दिवशी मी तो ऐकलाच नाही. मला फक्त तिचं हसणं ऐकू आलं.

दुपारी आई गोवऱ्या आणायला गेली, मार्था कंदील पुसायला घरी गेली. घरात मी आणि कोनाड्यात बाबा. मी हात धुतले, हे मला पक्कं आठवतं, पुस्तकाला शेणाचा डाग लागू नये म्हणून. नववं प्रकरण कुठं सुरू होतं हे नावेच्या चित्रावरून कळायचं. तिथून शेवटपर्यंत तीन पानं. अंगठा दाबून धरला आणि एकेक पान शिवणीजवळून फाडलं. आवाज फार नाही झाला. बाबा समोर उभा होता, हात छातीवर. मी त्याच्याकडं पाहिलं नाही असं म्हणणार नाही. पाहिलं, आणि मनात म्हटलं, तूबी त्याचाच. पानांची घडी करून गोठ्याच्या आढ्याच्या पोकळ बांबूत कोंबली. मला वाईट वाटलं का? नाही. मला एकदम हलकं वाटलं. आज त्याचं तोंड बंद होणार होतं.

सांज झाली. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चुलीजवळ आर फुललेला, रोडग्यांचा वास, लाजरसकाकांची ढोलकी. आईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि ती कोणाला पाणी, कोणाला जागा, अशी फिरत होती. गाणी झाली. दान्यानं दुधाचा चहा घेतला, पाटावर बसला, पुस्तक उघडलं. मार्थानं कंदील उचलला. मी दरवाज्यात.

त्यानं पान उलटलं. परत मागं उलटलं. मग त्याचा अंगठा शिवणीवरून वरून खाली गेला, जिथं फाटलेली कड उरली होती. त्यानं मान वर केली. आधी कंदिलाकडं पाहिलं, आणि मग सरळ दरवाज्याकडं.

"मास्तर," तो म्हणाला, "पानं नाहीत."

आधी कोणाला कळलं नाही. मग गलका झाला. कोणी म्हणालं उंदरांनी खाल्ली असतील, कोणी म्हणालं कालच्या घरच्या पोरांचं काम. आठव्या सांजेच्या घरची बाई ताडकन बोलली, "आमच्या घरून पुस्तक धड आलं होतं. इथं आल्यावर काय झालं ते यायले इचारा." आणि सगळ्यांच्या माना माझ्या आईकडं वळल्या.

ते मला सुचलंच नव्हतं. खरं सांगतो. तो वाचू शकणार नाही एवढंच मी पाहिलं होतं. सांज आमच्या घरची आहे, हे डोक्यात आलंच नाही. आई चुलीजवळ उभी होती, हातात राखेनं भरलेला फडका. तिच्या घरी बाबा बेटावर अर्धा राहिला होता. रोडगे आरात पडून होते आणि कोणी त्यांना हात लावणार नव्हतं.

मास्तर आंधळ्या डोळ्यांनी दान्याच्या आवाजाकडं वळले. "पाठ नाही काय रे तुले? तीन वर्सं वाचून राह्यला."

"नाही मास्तर," दान्या म्हणाला. "पुस्तकाबिगर मले नाही येत."

आईनं पदर तोंडाला लावला. मी बापाच्या मयतीला तिला रडताना पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच. माझ्या तोंडातून शब्द निघाले तेव्हा ते माझे आहेत हे मलाच उशिरा कळलं.

"मले येते."

"तुले?" लाजरसकाका म्हणाले. "हाव, येत असन. बैलायले सांगते न तो रोज. ते कुठी तक्रार करते." लोक हसले. पण मास्तर म्हणाले, "येऊ द्या त्याले पुढं." मी चपला काढून आत गेलो. दान्या पाटावरून उठला आणि बाजूला झाला. मी पाटावर बसलो नाही. उभाच राहिलो, मला बसून सांगायची सवय नव्हती.

पुस्तकातली भाषा मला बोलता येत नव्हती. मी बैलांना जसं सांगायचो तसंच सांगितलं. म्हटलं, "मंग ते बेट. तिथी ना घर, ना झाड धड. समोर तो मुलूख दिसे. इतका जवळ, का तिकडचा धूर दिसे चुलीचा. बाबा म्हणे, नाव येईन. रोज सकाळी उठे अन् म्हणे, आज येईन. नाव काही येत नव्हती. मंग त्याले हिव भरलं. जो एक गडी होता त्याच्यासंगं, तो म्हणे, बाबा, आपुन वापस जाऊ. बाबा म्हणे, माह्यं तोंड तिकडं कर." इथं मी थांबलो. पुस्तकात चुलीचा धूर नव्हता. तो मी बैलांसाठी घातला होता. कुठं तरी एक म्हातारी हुंदका द्यायला लागली. मग दुसरी. मी पुढं सांगत गेलो, ताप, वारा, मुठीत धरलेला क्रूस, शेवटचा श्वास.

आणि माझ्याजवळ उजेड होता. वाचायला पान नव्हतं, कंदिलाची गरज कोणालाच नव्हती, तरी मार्था येऊन माझ्या शेजारी उभी राहिली होती. वीतभर अंतरावर. कंदील एकदाही हलला नाही. हे मला बाकीच्यांनी नंतर सांगितलं. कारण मी तिच्याकडं पाहिलंच नाही. मी सगळा वेळ दान्याकडं पाहत होतो. त्याचं तोंड कसं पडतं ते मला पाहायचं होतं. ते पडलं नाही. तो भिंतीला टेकून, हात बांधून, ऐकत होता.

सगळे जेवले. दान्यानं दोन रोडगे खाल्ले आणि आईला म्हणाला, "काकू, असे रोडगे अख्ख्या तालुक्यात नाही." त्या सांजेपासून नववी सांज माझी झाली. मास्तरांनीच तसं ठरवून टाकलं. उन्हाळ्यात दान्या फादरसोबत निघून गेला, फादर व्हायला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लाजरसकाका आमच्या घरी आले आणि आईला म्हणाले, पोट्टा बोलते बरा, कामालेबी बरा दिसते. मार्था माझी झाली. चोरीच्या तीन पानांवर.

तुम्हाला वाटेल की मग जळणं थांबलं. नाही थांबलं. दान्या सातपुड्याच्या पायथ्याला गेला, संग्रामपूरच्याही पुढं, कोरकूंच्या वस्त्यांत. तिथून बातम्या यायच्या. आजारी बाईला बाजेवर घालून त्यानं दहा कोस नेलं. साथीच्या दिवसांत कोणी जवळ जाईना तेव्हा तो रोग्यांच्या उशाशी बसला. वस्तीतले लोक म्हणायला लागले, हा तर आपला नाववाला बाबा. मी त्याला खाली पाडायला गेलो होतो आणि तो वर जाऊन बसला होता, तिथं माझा हात पोचत नव्हता. त्याचं पत्र आलं की मार्था ते दोनदा वाचायची, एकदा मनात आणि एकदा मला ऐकवायला. मला तिचं मनातलं वाचणं सहन व्हायचं नाही. तोवर मी गवंडीकामाला लागलो होतो, थापी आपटत बाहेर जायचो. एकदा तिनं त्याच्यासाठी कैरीचं लोणचं भरलं तर मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. काऊन बोलत नाही, असं तिनं विचारलं नाही. तिनं दुसरी बरणी भरली आणि माझ्या ताटाजवळ ठेवली.

दर वर्षी नवव्या सांजेला मी बेट सांगत राहिलो. आता कंदील नाही, देवळाच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट आहे, पोरं मोबाइलवर माझं बोलणं भरून घेतात. मार्था पहिल्या ओळीत बसायची. पण सांगताना माझ्या डोळ्यांपुढं तीच फाटलेली कड यायची, आणि भिंतीला टेकलेला दान्या. पानं बांबूतून पत्र्याच्या पेटीत आली, रेशनकार्डाखाली. कितीदा ठरवलं की हिला सांगावं. लेकरं झाली, नातवंडं झाली. राहून गेलं.

मग ती आजारी पडली. बुलढाण्याच्या दवाखान्यात तेवीस दिवस. मी खालीच सतरंजीवर झोपायचो, चमच्यानं पेज भरवायचो, कूस बदलून द्यायचो. त्या दिवसांत मला बाबापेक्षा त्याच्या जवळच्या त्या एका माणसाची जास्त आठवण यायची, ज्याचं पुस्तकात नावसुद्धा नव्हतं. जन्मभर मला वाटलं की बाबासारखा दान्या झाला आणि मी काहीच झालो नाही. तिथं सतरंजीवर वाटलं, त्या दुसऱ्याचंही काम कोणाला तरी करावंच लागलं असेल. त्यानं खोपट्यात आग पेटती ठेवली, बाबाचं तोंड किनाऱ्याकडं केलं. बाबाकडून मी काही शिकलो असेन तर एवढंच, आणि तेही बाबाकडून नाही.

एका दुपारी ती म्हणाली, "ऐका न. बेटावरचं सांगा."

मी सांगायला लागलो. चुलीचा धूर आला, नाव न येणं आलं. ती डोळे मिटून होती. आणि तापाजवळ आल्यावर मी थांबलो आणि म्हणालो, "मार्था, ते पानं म्याच फाडले होते. दान्याचा हेवा वाटे मले. म्या फाडले अन् बांबूत लपोले." बाजूच्या पलंगावरची बाई माझ्याकडं पाहायला लागली. मार्थाचे डोळे मिटलेलेच. बऱ्याच वेळानं तिचे ओठ हलले.

"पुढचं सांगा न," ती म्हणाली.

तिला ऐकू गेलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी पुढचं सांगितलं. दोन दिवसांनी ती गेली.

दान्या मातीला येऊ शकला नाही, त्याचे डोळे गेले आहेत. पावसाळा संपल्यावर मी तीन पानं पिशवीत घातली आणि निघालो. खामगाव, मग संग्रामपूर, मग एका जीपमध्ये माणसांवर माणसं बसून डोंगराच्या पायथ्याशी. एका छोट्या देवळाला लागून त्याची खोली. तो ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होता, बोटांनी चाचपत. मी आवाज दिला तर लगेच म्हणाला, "शांत्या. बस बे." अख्खा मुलूख त्याला फादर म्हणतो. मी दान्याच म्हणालो. मार्थाचं बोललो, थोडं. मग काही न बोलता पानं त्याच्या हातात ठेवली. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला, वरून खाली, अगदी तसाच. आणि पानं मांडीवर ठेवून, मिटलेल्या डोळ्यांनी, तो नववं प्रकरण म्हणायला लागला. पुस्तकातल्या भाषेत, पहिल्या शब्दापासून. एकही शब्द चुकला नाही. आवाज म्हातारा झाला आहे, पण विहीर तीच आहे.

मी म्हणालो, "म्हणजे तुले पाठ होतं."

"हाव."

"तवाबी?"

"तवाबी. नऊच्या नऊ."

"मंग मुक्यासारखा काऊन उभा राह्यला बे? माह्यी माय रडत होती."

त्यानं हातातली शेंग सोलली. "तू बोलशीन असं वाटलं मले. नसता बोलला, तं म्या बोललो असतो. कड पाह्यली तवाच समजलं होतं कोणाचं काम हाय. तुह्याबिगर पानं अशी हात धुऊन कोण फाडीन? एक डाग नव्हता."

"अन् तुले राग नाही आला?"

"आला न. पण मार्था तुह्याकडं पाहे, शांत्या. तीन वर्सं. कंदील तिकडंच जाये, दरवाज्याकडं. तुले तेवढंबी दिसलं नाही. तू सारा वेळ माह्याकडं पाहे."

मी म्हणालो, "तू तं वाचत होता. तुले कसं दिसलं?"

"मले पाठ होतं," दान्या म्हणाला. "डोळे पुस्तकात कुठी होते. म्या तिच्याकडं पाहो. म्हणून तं दिसलं, ते कोणाकडं पाहते."

खाली कोंबड्या फिरत होत्या. तो परत शेंगा सोलायला लागला. मी त्याला क्षमा मागायला आलो होतो, ती गोष्ट डोक्यातून गेली. माझ्यासाठी त्यानं पाट सोडला, वस्ती सोडली, आणि पन्नास वर्षं एक शब्द काढला नाही, हेही मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त एकच दिसत होतं. मार्था माझ्याकडं कशी पाहायची, ते मी कधी पाहिलंच नाही. ती माझी बायको होती, आणि ते पाहणं यानं पाहिलं होतं. तीन वर्षं, वीतभर अंतरावरून. ते त्याच्याजवळ आहे आणि माझ्याजवळ नाही. मी त्या आंधळ्या म्हाताऱ्यावर पुन्हा जळायला लागलो, अगदी सतरा वर्षांचा असल्यासारखा. हे मी लपवत नाही. या वहीत आता काय लपवायचं.

मी त्याच्यापुढच्या सुपातल्या अर्ध्या शेंगा माझ्याकडं ओढल्या आणि सोलायला लागलो.

"कशी पाहे ते?" मी विचारलं.

"हिरवं लुगडं राहे तिचं," दान्या म्हणाला. "कंदील जड होये तिले. तू आला का नाही, ते पह्यले पायावरून पाहे, का चपला दिसल्या का..." आणि तो थांबला. मला वाटलं माझ्यासाठी थांबला. पण तो बाहीनं डोळे पुसत होता.

मी वाट पाहिली. मग म्हणालो, "पुढचं सांग."